घेर म्हणजे वय नव्हे

प्रति,
शहरातल्या झाडांचे वय ठरवणारे, त्यावर सही करणारे आणि त्या सहीच्या आधारे तोडीला परवानगी देणारे सर्व अधिकारी व सदस्य,
नागपूर.

स.न.वि.वि.

रस्ता रुंदीकरणात जाणाऱ्या झाडांची यादी आपण हरकतींसाठी लावलीत, ती मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. रस्त्याचे आणि कार्यालयाचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी यादी केली त्यांना ती ओळखू येईल, आणि माझे भांडण कुणा एका टेबलाशी नाही. यादीत झाडाची जात आहे, मग घेर इंचांत आहे, मग 'अंदाजे वय'. या शेवटच्या दोन रकान्यांत प्रत्येक ओळीला एकच आकडा आहे. कडुनिंब, घेर ४८, वय ४८. पिंपळ, घेर ४९, वय ४९. गुलमोहर, घेर ६२, वय ६२. तो गुलमोहर ज्या वसाहतीच्या फाटकापाशी उभा आहे, ती वसाहत वसून बासष्ट वर्षे झालेलीच नाहीत. तिथे आधी शेत होते, आणि शेताच्या बांधावर गुलमोहर कुणी लावत नाही.

वाचणाऱ्या बाकीच्या नागपूरकरांसाठी सांगते, वयाच्या या रकान्याला इतके महत्त्व का. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि झाडाच्या वयाला कायद्यात किंमत आली. ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते. जे झाड तोडायचे त्याचे जितके वय, तितकी नवी झाडे लावायची आणि सात वर्षे त्यांची निगा राखायची. म्हणजे हा रकाना भरणारा माणूस एका आकड्यात दोन निकाल देतो. हे झाड वारसा आहे की नाही, हा एक. त्याच्या बदल्यात रोपे किती, हा दुसरा. असा आकडा शेजारच्या रकान्यातून जसाच्या तसा उतरवून काढला जातो, हे मला गप्प राहून मान्य करता येत नाही.

मी बोलते ते कोणत्या अधिकाराने, हेही सांगायला हवे. मी लकडगंजात वाढले. वडील एका आरामशीनवर मुनीम होते. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बोट ठेवून सागाची वर्षे मोजायला मी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक उघडण्याच्या आधी शिकले. एकाच घेराचे दोन ओंडके शेजारी पडलेले असत. एकाची वलये विरळ, दुसऱ्याची इतकी दाट की सुईच्या टोकाने मोजावी लागत, आणि दुसरा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट वयाचा निघे. मशीनवरच्या हमालांनाही हे ठाऊक होते. पुढे कॉलेजात मी हाच विषय शिकवला आणि निवृत्त झाले. शिवाय यादीतला एक कडुनिंब माझ्या घरासमोरचा आहे. सासऱ्यांनी घर बांधले त्या पावसाळ्यात लावलेला. घराच्या मंजूर नकाशावर तारीख आहे, आणि त्या तारखेने तो कडुनिंब पन्नाशी केव्हाच ओलांडून गेला आहे. यादीत तो ४४ वर्षांचा आहे, कारण त्याचा घेर ४४ इंच भरला.

आता तक्रारी. पहिली, घेरावरून वय काढण्याची.

एक इंच म्हणजे एक वर्ष, हा हिशोब कुठून आणला, हे यादीत कुठेही लिहिलेले नाही. या ठोकताळ्याचे मूळ गाव मला माहीत आहे. ब्रिटनमधले वृक्षतज्ज्ञ ॲलन मिचेल यांनी तिथल्या झाडांची मोजमापे घेऊन सांगितले होते की, मोकळ्या जागेत वाढलेल्या, भरगच्च माथ्याच्या झाडाचा घेर वर्षाला साधारण एक इंच वाढतो. दाट वनात निम्माच. हा अंदाज आहे आणि काही जातींना तो लागू पडत नाही, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. समशीतोष्ण हवेतल्या मोकळ्या कुरणातल्या ओकचा हा हिशोब नागपूरच्या सिमेंट रस्त्यातल्या कडुनिंबाला कसा लावला?

बरे, तो हिशोब त्याच्या स्वतःच्या मुलखात तरी टिकला का? समशीतोष्ण वनांत वय काढणे आपल्यापेक्षा सोपे. तिथे कडक हिवाळ्यात वाढ थांबते, वसंतात पुन्हा सुरू होते, आणि दरवर्षी खोडात एक स्पष्ट वलय पडते. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि वलये मोजायची. या शास्त्राचा पाया अमेरिकेत ए. ई. डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने घातला. गडी सूर्यावरच्या डागांचा माग काढत होता आणि पोचला झाडाच्या खोडात! तर अशा ठिकाणी, मध्य युरोपात, वनांचे काही तुकडे १८७० पासून सातत्याने मोजले जात आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाच्या हान्स प्रेच आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी २०१४ मध्ये मांडल्या. १९६० च्या तुलनेत स्प्रूस या सूचिपर्णी जातीची झाडे ३२ टक्के आणि बीच या पानगळी जातीची झाडे ७७ टक्के जलद वाढत होती. हवामान उबदार झाले, वाढीचा हंगाम लांबला, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला, कारखान्यांचा आणि शेतीचा नत्र पावसाबरोबर मुरला.

याचा आपल्या रकान्याशी संबंध असा: आजचा बीच आणि १९६० चा बीच, घेर एकच, पण वय एक नाही. जिथे दीडशे वर्षे टेप लावून बसलेली माणसे आहेत, तिथेही वाढीचा वेग एका पिढीत बदलला. मग एक इंच भागिले एक वर्ष हा आकडा कोणत्या सालचा धरायचा?

आणि बदल नेहमी वाढीच्याच दिशेने होतो असेही नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक वनात आम्लवर्षेने जमिनीतला कॅल्शियम धुऊन नेला आणि शुगर मेपल खंगू लागले. १९९९ मध्ये एका पाणलोटावर कॅल्शियमचे खनिज पसरले, तेव्हा तिथले मेपल सावरले. दिसायला तेच जंगल, तोच पाऊस. जमिनीत एक गोष्ट कमी पडली आणि वलये अरुंद झाली. आपल्या रस्त्यांवर जमिनीत काय कमी पडले आहे, हे सांगायला प्रयोगशाळा नको. बुंध्याला चिकटून सिमेंट आले आहे. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. माझ्या घरासमोरचा कडुनिंब डांबरी रस्ता होता तोवर फोफावत होता. सिमेंट आल्यापासून त्याचा घेर जेमतेम सरकला आहे. म्हणजे आधी आपण झाडाचा गळा आवळायचा, आणि मग ते जाड झाले नाही म्हणून त्याला तरुण ठरवायचे.

दुसरी तक्रार हरकतींच्या बैठकीतल्या एका वाक्याची. आपल्यातले एक अधिकारी म्हणाले की हवेत कार्बन वाढल्यामुळे झाडे आता पूर्वीपेक्षा झपाट्याने वाढतात, परदेशात हे सिद्ध झाले आहे, तेव्हा लावलेली रोपे दहा वर्षांत भरपाई करतील. बोलणे सौम्य होते, हेतूही वाईट नसावा. पण ते वाक्य आता इतिवृत्तात आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देते.

समशीतोष्ण वनांत हे तपासायला मोठे प्रयोग झाले. झाडांभोवती नळ्यांचे कडे उभारून उघड्या हवेत जादा कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि वर्षानुवर्षे खोडे मोजायची. अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिज इथे स्वीटगमच्या लागवडीवर असा प्रयोग १९९८ पासून चालला. सुरुवातीच्या वर्षांत जादा कार्बन मिळालेल्या झाडांची उत्पादकता सुमारे २४ टक्क्यांनी वर होती. २००८ पर्यंत हा फायदा ९ टक्क्यांवर उतरला, कारण जमिनीतला नत्र पुरेना. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ तर क्रेन लावून तीस मीटरहून उंच प्रौढ झाडांच्या माथ्यात नळ्या नेल्या. चार वर्षांनंतर खोडांच्या वाढीत टिकाऊ फरक आढळला नाही. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या वनात २०१७ पासून सुमारे १८० वर्षांच्या ओकना जादा कार्बन दिला जात आहे. २०२४ मध्ये तिथल्या संशोधकांनी सांगितले की लाकूड जवळपास १० टक्के जास्त बनले. तीन ठिकाणे, तीन उत्तरे. माती कशी, पाणी किती, झाड कोणत्या वयाचे, यावर सगळे अवलंबून. आपल्या अधिकाऱ्यांनी यातले एक उत्तर उचलले आणि नागपूरला लावले.

ऊब वाढली म्हणजे वाढ वाढली, हेही तितके सरळ नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पानगळी वनांत झाडांच्या खोडांना पोलादी पट्ट्या बांधून घेर कसा सरकतो ते पाहिले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की उबदार वसंतात झाडे वाढायला लवकर लागतात, पण वर्षअखेरीची एकूण वाढ त्यामुळे जास्त भरत नाही. उलट २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आणि कोरड एकदम आली, तेव्हा तिथल्या वनस्पतींची कार्बन ओढून घेण्याची क्षमता त्या वर्षी सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. २०१८ नंतर जर्मनीत स्प्रूसची वनेच्या वने वाळली. कोरडीने अशक्त झालेली झाडे सालीतल्या भुंगेऱ्यांनी संपवली. हीच ती 'जलद वाढणारी' स्प्रूस, ३२ टक्केवाली.

आपल्याकडे थंडी हा अडसर नाहीच. नागपुरात हजार-अकराशे मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात संपतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की झाड पाणी वाचवायला पानांची रंध्रे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत घेणारी बारीक छिद्रे, मिटून घेते. दार आतून लावलेले असताना बाहेर पाहुणे दुप्पट जमले काय आणि तिप्पट जमले काय. कार्बन वाढल्याने झाडाला थोड्या पाण्यात जास्त काम करता येते, हे खरे आहे. पण त्यासाठी मुळाशी थोडे तरी पाणी लागते.

जलद वाढीबद्दल आणखी एक. त्याच मध्य युरोपातल्या तुकड्यांवर पुढे लाकडाचे वजन तपासले, तेव्हा १९०० पासून लाकडाची घनता ८ ते १२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. आकारमान वाढले, लाकूड हलके झाले. २०२० मध्ये जगभरच्या वलयांच्या नोंदी एकत्र पाहून असेही मांडले गेले की ज्या झाडांची लहानपणी वाढ जलद, ती लवकर मरतात. हे वाचून नागपूरकराला नवल वाटू नये. मे-जूनच्या वादळात आपल्याकडे गाड्यांवर काय पडते? भराभर वाढलेला गुलमोहर. आणि रोपवाटिकेतून भरपाईसाठी काय येते, तेही सगळ्यांनी पाहिले आहे.

तिसरी तक्रार भरपाईच्या गणिताची, आणि हे गणित आठवीच्या मुलाला जमेल. ४८ इंच घेराच्या खोडाचा घेर एका इंचाने वाढून ४९ झाला, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७.७ चौरस इंचांनी वाढते. ४ इंच घेराचे रोप ५ इंचांचे झाले, तर वाढ होते सुमारे ०.७ चौरस इंच. इंच तोच, लाकूड जवळजवळ अकरापट. वर उंचीचा आणि फांद्यांचा फरक वेगळा. २०१४ मध्ये जगभरातल्या ४०३ जातींच्या मोजमापांवरून हेच दिसले: बहुतेक जातींत झाड जितके मोठे, तितके ते दरवर्षी जास्त वस्तुमान जमवते. म्हातारे झाड वाढत नाही, ते नुसते जागा अडवते, हा आपल्या कार्यालयांतला लाडका समज आहे. तो सोडावा. कायद्याने सांगितलेली अठ्ठेचाळीस रोपे लावणे म्हणजे हिशोबाची सुरुवात आहे, आणि त्यातली किती जगली ते पाहायला सात वर्षे त्यांच्याकडे जावे लागते. शहराच्या कडेला आधीच्या रस्त्यांच्या बदल्यात लावलेल्या रोपांच्या जागी मी जाऊन आले आहे. लोखंडी जाळ्या शाबूत आहेत. बऱ्याच जाळ्यांत गवत आहे.

चौथी गोष्ट तक्रार कमी आणि खंत जास्त. सागाला आपल्याकडे वर्षाचे वलय नीट पडते, कारण तो उन्हाळ्यात पाने टाकून थांबतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा अभ्यास झाला आहे. हिमालयातल्या देवदारावरही तसे काम झाले. विदर्भात सागाला तोटा नाही. पण कडुनिंब, पिंपळ, वड यांची वलये अस्पष्ट असतात, मोजून भरवसा ठेवता येत नाही. म्हणून या शहरात तोडलेल्या प्रत्येक जुन्या झाडाचा, ज्याची लावणीची तारीख माहीत आहे अशा झाडाचा, एक काप तरी जपून ठेवायला हवा होता. तारीख ठाऊक, घेर ठाऊक, म्हणजे त्या जातीचा नागपुरातला वेग कळला. आजवर ते सगळे ओंडके लिलावात गेले. आरामशीनवर ज्यांना त्यांचे मोल कळत होते, त्यांना कुणी विचारले नाही.

तर माझे मागणे असे.

ही यादी मागे घ्या आणि वयाचा रकाना नव्याने भरा. प्रत्येक झाडापुढे वय कोणत्या पद्धतीने काढले ते लिहा. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्या आणि तसे नमूद करा. यादीतल्या काही झाडांचा घेर गाठीवर घेतल्याचे डोळ्यांना दिसते. जिथे लावणीचा पुरावा आहे, मग तो घराचा नकाशा असो, जुना फोटो असो, शाळेच्या वार्षिक अंकातली वृक्षारोपणाची बातमी असो किंवा समोरच्या म्हाताऱ्या रहिवाशाची लेखी साक्ष असो, तिथे पुरावा घेराच्या वर ठेवा. पुरावा नसेल तर एक आकडा लिहू नका, '४० ते ६० वर्षे' असा पल्ला लिहा. आणि त्या पल्ल्यात ५० येत असेल तर झाडाला वारसा वृक्ष धरा. शंकेचा फायदा आरोपीला देतात. इथे तर झाडाने काही केलेलेही नाही. या न्यायाने काही गुलमोहर आणि शिरीष यादीतल्यापेक्षा तरुण निघतील, याची मला कल्पना आहे. निघोत. मला खरे वय हवे आहे, मोठे वय नव्हे.

वय काढायला रस्त्यावरच्या झाडांना सरसकट गिरमिट मात्र लावू नका. कडुनिंबात त्यातून काही कळणार नाही आणि जखम तेवढी राहील.

जी झाडे वाचतील, त्यांच्या बुंध्याभोवतीचे सिमेंट चारही बाजूंनी एक मीटर फोडा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी तसा आदेश दिलेला आहे. नागपूरच्या मुळांना वेगळा श्वास लागत नाही. हे काम रस्त्याच्या निविदेतच घाला, नाहीतर ते पुढच्या वर्षावर जाते आणि पुढचे वर्ष येत नाही.

ज्यांची तोड आधीच मंजूर झाली आहे, त्यांच्या खोडाचा छातीच्या उंचीवरचा एक काप, झाडाचा क्रमांक आणि जागा लिहून, शहरातल्या कोणत्याही कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला द्या. लिलावात त्याने काही बुडणार नाही.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर, महाराजबागेच्या परिसरात आणि दोन-तीन सिमेंट रस्त्यांवर नेहमीच्या जातींच्या झाडांना घेर मोजायच्या पोलादी पट्ट्या बांधू द्या. पट्टी आणि स्प्रिंग, बस इतकेच लागते. वर्षातून चार वेळा वाचन घ्यायचे आणि आकडे सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे. पाच-सात वर्षांत आपल्याकडे नागपूरचा स्वतःचा वेग असेल, आणि मग ब्रिटनच्या ओकचा हिशोब कुणाला उसना घ्यावा लागणार नाही.

आणि बैठकीच्या इतिवृत्तातले ते दहा वर्षांत भरपाईचे वाक्य एकतर आधार देऊन ठेवा किंवा काढून टाका. पुढच्या फाइलीत ते 'तज्ज्ञांचे मत' म्हणून उगवेल, याचीच मला जास्त धास्ती आहे.

अंतिम निर्णयाच्या बैठकीआधी सुधारित यादी लागावी आणि हरकतींना नव्याने मुदत मिळावी. मोजणीला माणसे कमी पडत असतील तर सांगा. माझे निवृत्त सहकारी आणि कॉलेजची काही मुले यायला तयार आहेत. उन्हाचे दिवस आहेत, तेव्हा सकाळी सहा ते नऊ जमेल, त्यानंतर नाही. टेप आमच्याकडे आहेत. आपण फक्त एक माणूस पाठवा, जो प्रत्येक झाडापाशी आकडा स्वतः पाहील आणि तिथेच सही करील.

कळावे,

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
नागपूर